आमच्या घरातला सीमाप्रश्न

‘अगं, तू सोलापूरची ना? मग मघाशी फोनवर ते कानडीत काय चाललं होतं?’

पुण्यात नोकरीला लागले त्याच्या पहिल्याच आठवड्यात कँटीनच्या टेबलावर हा प्रश्न आला आणि त्यानं अजून माझी पाठ सोडलेली नाही. फोनवर अव्वा होती. अव्वा म्हणजे माझी आई. तिच्याशी मी बोलायला शिकले तेव्हापासून कन्नडमध्येच बोलते. मराठीत बोलायचा प्रयत्न केला तर दोघींनाही हसू फुटतं. पण हे सगळं कँटीनमध्ये समजावून सांगेपर्यंत डब्यातली कडक भाकरी आणखी कडक होते! सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, शेंगांची चटणी आठवते, फार तर सिद्धेश्वराचं तळ्यातलं देऊळ. तिथे घरात कन्नड किंवा तेलुगू बोलणारी हजारो कुटुंबं आहेत आणि ती स्वतःला शंभर टक्के सोलापूरकर समजतात, हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘म्हणजे तुम्ही मूळचे कर्नाटकातले?’

नाही हो. मूळचे इथलेच. आमचं गाव अक्कलकोट तालुक्यातलं. अज्जा, म्हणजे आजोबा, तिथे जन्मले तेव्हा ते अक्कलकोट संस्थान होतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि ते मुंबई प्रांतात आले. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आलं. १ मे १९६० ला ते महाराष्ट्राचे झाले. एवढं सगळं होईस्तोवर अज्जांनी घर सोडा, गोठासुद्धा हलवलेला नाही.

तर, याच कँटीनच्या टेबलावर मला ‘तो’ भेटला. चहाच्या रांगेत माझ्या मागे उभा होता. माझा अव्वाशी फोन चालू होता आणि मी एका टीम लीडबद्दल मनातलं सगळं कन्नडमधून ओकत होते. फोन ठेवला तर मागून शुद्ध कन्नडमध्ये आवाज आला, ‘जरा हळू. मला सगळं कळतंय.’ मी गार! म्हटलं, तू कर्नाटकातला? तर साहेबांचा चेहरा असा झाला, जणू शिवीच दिली. ‘मी मराठी आहे. बेळगावचा.’

बेळगावकर घरात मराठी बोलतो आणि कर्नाटकात राहतो. मी घरात कन्नड बोलते आणि महाराष्ट्रात राहते. टेबलावरचा तिसरा मेंबर नागपूरचा. त्याला वेगळा विदर्भ हवा, आणि १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला काय काय कबूल केलं होतं ते तो जेवताना बोटं मोडून सांगणार. म्हणजे बघा, एकाला महाराष्ट्रातून बाहेर पडायचंय, एकाला महाराष्ट्रात यायचंय आणि मला तर कोणी काही विचारलेलंच नाही. पुढे आमचं जमलं तेव्हा ऑफिसनं आमच्या जोडीचं बारसंच केलं. सीमाप्रश्न! ‘सीमाप्रश्न आज सिनेमाला गेलाय’, ‘सीमाप्रश्न सुटला का रे?’ असले जोक आम्ही चार वर्षं ऐकले. आम्हीही हसायचो. अहो, आमच्या पिढीला हा विषय म्हणजे बातम्यांच्या तळाची पट्टीच होता.

सोलापूरबद्दल मात्र थोडं सांगू द्या, कारण माझं सगळं तिथूनच येतं. आमच्या गल्लीत एका बाजूला तेलुगू पद्मशाली, म्हणजे यंत्रमागवाले. दुसरीकडे आम्ही. कोपऱ्यावर उर्दू बोलणारे चाचा. आणि गल्लीत क्रिकेट खेळताना सगळ्यांची मिळून ती खास सोलापुरी मराठी, ‘काय करायलास बे?’वाली. घरात पाय टाकला की आपोआप कन्नड सुरू. भाषा बदलतोय हे कळायचंसुद्धा नाही, चप्पल काढल्यासारखं ते व्हायचं. जानेवारीत गड्डा भरतो. सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेले लोक सात नंदीध्वज पेलत निघतात तेव्हा गर्दीत कोण कुठल्या भाषेत नवस बोलतंय याचा हिशेब कोण ठेवणार? ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावानं हे शहर डोकं टेकतं ते बाराव्या शतकातले. त्यांची वचनं कन्नड. याच शहरात जन्मलेल्या जयदेवीताई लिगाडे मराठीतही लिहायच्या आणि कन्नडमध्येही, आणि १९७४ च्या मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. कन्नड संमेलनाची पहिली महिला अध्यक्ष सोलापूरची! शाळेत हे मला कोणी सांगितलं नाही, हे जाता जाता.

पुण्याहून घरी जायची आमची गाडीही याच गोष्टीतली. हुतात्मा एक्स्प्रेस. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. ते हे चार हुतात्मे. त्या चार आडनावांकडे नुसतं बघा, म्हणजे सोलापूर काय चीज आहे ते कळेल. मी या गाडीनं शेकडो वेळा गेले असेन. पण खरं सांगते, बरीच वर्षं खिडकीची सीट मिळाली की नाही, एवढाच माझा तिच्याशी संबंध होता.

लग्नाचं घरी सांगायची वेळ आली आणि बातम्यांच्या तळाची पट्टी थेट आमच्या दिवाणखान्यात आली.

बेळगावकरचे आजोबा तेव्हा ८६ वर्षांचे. महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा ते वीस वर्षांचे होते. तेव्हापासून त्यांच्या घरात १ नोव्हेंबरला गोडधोड झालेलं नाही. शहरात राज्योत्सवाच्या मिरवणुका निघायच्या, आणि हे काळी फीत बांधून समितीच्या फेरीत. १७ जानेवारीला हुतात्मा दिन, कारण १९५६ च्या त्या दिवसांत बेळगावात गोळीबार झाला होता. १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर, कारण १९८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधातलं आंदोलन. त्यांचं कॅलेंडर आपल्यासारखं सणावारांचं नाहीच. घरात एक ट्रंक आहे. तिच्यात पत्रकं, निवेदनांच्या कार्बन कॉपी आणि तुरुंगातून सुटल्यावरचा एक फोटो. फोटोत ते आमच्या बेळगावकरसारखेच दिसतात, फक्त बारीक.

नातवानं त्यांना सांगितलं होतं, मुलगी सोलापूरची आहे. आजोबा खूश! सोलापूर, म्हणजे महाराष्ट्रातली सून. मुलगी घरात कुठली भाषा बोलते हे सांगायचं नातू ‘विसरला’. मी विचारलं तर म्हणाला, ‘योग्य वेळ आली की सांगतो.’ पुरुषांच्या या योग्य वेळेवर एक वेगळा लेख होईल. असो.

आमच्या बाजूलाही काही साधं नव्हतं. अज्जांना मी म्हटलं, मुलगा बेळगावचा, मराठी, त्यांचे आजोबा समितीवाले. अज्जा बराच वेळ अडकित्ता चालवत बसले. मग म्हणाले, ‘आम्हाला देऊन टाकायला निघाले होते, तेच ना हे लोक?’

मला काही कळेना. मग त्या रात्री पुण्यात परत येताना मी पहिल्यांदा हा विषय नीट वाचला. (ऑफिसच्या प्रेझेंटेशनसाठी सोडून मी दुसऱ्या कशासाठी इतकं वाचलं नसेल.) महाराष्ट्राची मागणी आधी ८१४ गावांची होती. त्यासाठी गाव हा घटक धरायचा, भाषेचं बहुमत बघायचं, सलगता बघायची आणि लोकांची इच्छा बघायची, असं सूत्र मांडलं गेलं. आता सूत्र म्हटलं की ते दोन्हीकडून लागणार. त्यामुळे आपल्याकडची २६० कन्नडबहुल गावं द्यायची तयारीही महाराष्ट्रानं दाखवली होती. अज्जा बोलत होते ते हेच. आमचं गावही त्यातच असणार, असं गावात सगळे धरून चालायचे.

पुढे १९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केलं आणि केंद्रानं निवृत्त सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. १९६७ मध्ये अहवाल आला. बेळगाव म्हैसूरकडेच. निपाणी, खानापूर, नंदगड अशी २६४ गावं-ठिकाणं महाराष्ट्राला. आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत या भागातली २४७ पलीकडे. ज्या महाराष्ट्रानं आयोग मागितला त्यानंच अहवाल फेटाळला. कर्नाटक तेव्हापासून म्हणतंय, लावायचा तर महाजन अहवाल पूर्ण लावा. त्या अहवालात बेळगावकरचं घर आहे तिथेच राहतं आणि माझ्या अज्जांचं घर त्याच राज्यात जातं. म्हणजे आमचं लग्न आंतरराज्य न होता एका राज्यातलं झालं असतं! हे मी बेळगावकरला मेसेज करून सांगितलं. त्याला अजिबात हसू आलं नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो यावर हसायचा ते फक्त ऑफिसमध्ये.

याच विषयावर मला आणखी एक जण आठवते. २०१७ मध्ये माझं क्लायंट बार्सिलोनाचं होतं. १ ऑक्टोबरला तिकडे कॅटालोनियाच्या स्वातंत्र्याचं सार्वमत झालं. स्पेनच्या न्यायालयानं बेकायदा ठरवलेलं. ते पोलिसांनी मतदान केंद्रांवर लाठ्या चालवून थांबवायचा प्रयत्न केला. ३ तारखेच्या कॉलवर तिकडून कोणीच आलं नाही, कारण अख्ख्या कॅटालोनियात संप होता. आमचा मॅनेजर डेडलाइनच्या नावानं बोटं मोडत बसला. आठवड्याभरानं माझ्या बरोबरीची मुलगी कॉलवर आली. वडील दक्षिणेतल्या अंदालुसियाचे, आई कॅटलान. म्हणाली, ‘घरी आम्ही फक्त हवामानावर बोलतो.’ मतदान करणाऱ्यांपैकी ९० टक्के ‘हो’ म्हणाले होते, पण मतदानच ४३ टक्के. विरोधातले बहुतेक लोक घरीच बसले. तिच्या घरातून आईनं मत दिलं आणि वडील दिवसभर टीव्हीसमोर बसून राहिले. मी तिला उत्साहानं म्हटलं होतं, आमच्याकडे असलं काही नसतं. आमच्याकडे सगळे मिळूनमिसळून राहतात. आठवलं की अजून कसंसं होतं.

अर्थात बेळगावला कॅटालोनियाच्या रांगेत बसवलं तर आजोबा मला घरात घेणार नाहीत. त्यांना वेगळा देश नको. त्यांना याच देशातलं शेजारचं राज्य हवंय. ‘फुटीर’ हा शब्द त्यांनी आयुष्यात इतक्यांदा ऐकलाय की तो उच्चारला तरी त्यांचा हात थरथरतो.

मग २०२२ चा नोव्हेंबर उजाडला. साखरपुडा ११ डिसेंबरला, रविवारी, सोलापुरात ठरला होता. हॉल बुक, केटरर बुक. आणि २३-२४ नोव्हेंबरला कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी आधी जत तालुक्यातल्या गावांवर आणि मग सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड भागावर दावा सांगितला. झालं! चॅनेलवाल्यांच्या गाड्या अक्कलकोटकडे धावल्या. काही गावांत लोकांनी कर्नाटकचे लाल-पिवळे झेंडे घेऊन घोषणा दिल्या. आम्हाला रस्ते द्या, पाणी द्या, नाहीतर आम्ही चाललो कर्नाटकात.

संध्याकाळी बेळगावकरचा फोन आला. ‘टीव्ही बघितलास? तो झेंडा धरलेला पोरगा तुझा भाऊ आहे ना?’

होता. माझा सख्खा चुलतभाऊ. साखरपुड्याच्या फोटोत माझ्या शेजारी उभा राहणार होता तो. आणि बेळगावला आजोबा दिवसभर बातम्याच बघत बसलेले असतात. आठ दिवसांपूर्वीच त्यांना आमच्या घरचा ग्रुप फोटो पाठवला होता, नावांसकट. ‘योग्य वेळ’ आली ती अशी. आजोबांनी रिमोटनं टीव्ही बंद केला आणि नातवाला एवढंच विचारलं, ‘मुलीच्या घरी कन्नड बोलतात हे तू माझ्यापासून लपवलंस की मला आवडणार नाही असं तू परस्पर ठरवलंस?’ याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. दोन दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत.

६ डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. एसटीनं कर्नाटकात जाणाऱ्या फेऱ्या थांबवल्या. आणि आमच्या घरी बैठक बसली, साखरपुडा पुढे ढकलायचा का? अप्पा म्हणाले ढकलू. अव्वा म्हणाली केटररचा अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही. (आमच्या घरातले मोठे निर्णय असेच होतात.) खरी अडचण गाडीची होती. बेळगावची गाडी केए २२. ती इकडे आली की तिला धोका. आमची एमएच १३ तिकडे गेली की तिला धोका. एकच गाडी दोन्हीकडे सुखरूप जाईल अशी नंबरप्लेट भारतात मिळत नाही.

शेवटी चुलतभावानंच तोडगा काढला. हो, तोच, झेंडेवाला. बेळगावची मंडळी विजापूरमार्गे आपल्या गाडीनं भीमेपर्यंत आली. झळकी ओलांडलं, धुळखेडहून पूल पार करून टाकळी. तिथल्या एका ढाब्यावर तो आमची जीप घेऊन उभा होता. केए गाडी तिकडेच वळवून ठेवली. आजोबांना हाताला धरून जीपमध्ये बसवलं. सगळं सामान इकडून तिकडे – साडी, नारळ, फळांच्या करंड्या आणि कुंद्याचे अकरा डबे. जीप मंद्रूप ओलांडेपर्यंत कोणी काही बोललं नाही म्हणे. मग आजोबा म्हणाले, ‘सहासष्ट वर्षं महाराष्ट्रात यायचं म्हणून भांडलो. आलो तो असा. ढाब्यावर गाडी बदलून.’

साखरपुडा व्यवस्थित झाला. अंगठ्या, फोटो, पुरणपोळी, शेंगांची पोळी, सगळं. मला मात्र लक्षात आहे ते जेवणानंतरचं. आजोबांनी चुलतभावाला जवळ बोलावलं. मी पाणी देण्याच्या निमित्तानं तिथेच घुटमळत राहिले.

‘तो झेंडा तुम्ही का धरला होता?’ त्यांनी विचारलं. ‘तुम्ही’ म्हणून. रागाचा स्वर नव्हता.

भाऊ म्हणाला, ‘आजोबा, खरं सांगू का? मला कर्नाटकात काही जायचं नाही. गावात शाळा कन्नड आहे, कन्नड पुस्तकं बालभारतीच छापते, आम्हाला भाषेचा त्रास नाही. पण पावसाळ्यात बाळंतीण न्यायला रस्ता नाही. वीस वर्षं अर्ज केले, कुणी बघितलं नाही. झेंडा धरला आणि दुसऱ्या दिवशी अधिकारी आले.’

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘आमच्याकडे उलटं आहे. रस्ते आहेत. पाणी आहे. २०१२ ला आमच्या गावात विधानसभेची इमारतसुद्धा बांधली त्यांनी, सुवर्ण विधानसौध, चांगली भव्य आहे. २०१४ ला गावाचं नाव बदललं. पण माझ्या शेताचा उतारा मला वाचता येत नाही अशा लिपीत येतो म्हणून माझ्या वडिलांना जे वाटलं होतं, ते रस्त्यानं जात नाही हो.’ आणि मग, जरा थांबून, ‘मला वाचता येतो. मी शिकलो. वडील नाही शिकले.’

त्यावर कुणी काय बोलणार? भावानं त्यांना विडा करून दिला.

आणखी एक झालं. आजोबा दिवसभर सगळ्यांशी मराठीतच बोलत होते. अप्पांना, काकांना मराठी येतंच. त्यांचं कन्नड उत्तम आहे हे मला नातवाकडून माहीत होतं, पण एक शब्द नाही. शेजारी माझी अज्जी बसली होती. तिला मराठी फारसं येत नाही. तिचं जग गाव, शेत आणि माहेर, तिन्हीकडे कन्नड. ती त्यांच्याकडे बघून नुसती हसत होती. पंगतीत आजोबांनी तिला काहीतरी विचारलं, तिला कळलं नाही. तिनं पुन्हा हसून मान हलवली. मग आजोबांनी तेच कन्नडमध्ये विचारलं, गुडघेदुखीला काय लावता म्हणून. अज्जी जी सुटली! पाऊण तास. तेल, पाला, वैद्य, धाकट्या जावेचं वागणं, सगळं सांगितलं. आजोबा ऐकत होते आणि मध्येमध्ये त्यांच्या बेळगावी कन्नडमध्ये उत्तरं देत होते.

रात्री बेळगावकर त्यांना गमतीनं म्हणाला, ‘काय आजोबा, शेवटी कन्नड बोललात!’ तर ते एकदम कडक. ‘त्यांना दुसरं येत नव्हतं म्हणून बोललो. बोलायलाच पाहिजे असं कोणी म्हणालं असतं तर एक शब्द बोललो नसतो. एवढा फरक कळतो ना तुला?’

१४ डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोर बसवलं. सुप्रीम कोर्टाचा निकाल येईपर्यंत कोणी दावे करायचे नाहीत असं ठरलं. मग आठच दिवसांनी, २२ ला, कर्नाटकच्या विधिमंडळानं ठराव केला. २७ ला महाराष्ट्राच्या विधिमंडळानं ८६५ गावांचा ठराव केला. तोवर एसटी सुरू झाली होती आणि अव्वा लग्नाच्या साड्यांकडे वळली होती.

लग्न फेब्रुवारी २०२३ मध्ये झालं. त्या मे महिन्यात कर्नाटकात विधानसभेची निवडणूक झाली आणि समितीला २०१८ सारखीच एकही जागा मिळाली नाही. निकालाच्या दिवशी मी बेळगावातच होते. आजोबांनी दुपारी झोपतो म्हणून सांगितलं आणि झोपले नाहीत. सासरेबुवा हळूच म्हणाले, ‘आमच्या गल्लीतली पोरं आता राष्ट्रीय पक्षाला मत देतात. आजोबांना माहीत आहे. विचारत नाहीत.’ बेळगावकर खिडकीतून बाहेर बघत होता. त्याचं मतदार यादीतलं नाव बेळगावला आहे. आणि मतदानाच्या दिवशी तो पुण्यात होता, कारण गो-लाइव्ह होतं. आजोबांनी त्यालाही विचारलं नाही. यावर आमचं दोघांचं नंतर भांडण झालं. मी म्हटलं, चार वर्षं माझ्याशी सीमाप्रश्नावर वाद घालतोस आणि मत द्यायला जात नाहीस? तो म्हणाला, निवडून आलेच असते असं नाही. मी म्हटलं, हे तू आजोबांना सांग. त्यानं सांगितलं नाही. हे भांडण मिटलंय असं मी म्हणणार नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये मी माहेरी होते. हैदराबाद रोडवर बघते तर गाड्यांची रांग संपेचना! तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव सहाशे गाड्यांचा ताफा घेऊन सोलापुरात आले होते, दुसऱ्या दिवशी पंढरपूरला विठ्ठलाच्या दर्शनाला. २००१ मध्ये फक्त वेगळ्या राज्यासाठी काढलेला पक्ष. २ जून २०१४ ला राज्य मिळालं, मग २०२२ मध्ये ‘तेलंगणा’ काढून नावात ‘भारत’ घातलं आणि आता महाराष्ट्रात हातपाय पसरायला निघाले होते. सुरुवातीला सोलापूर का, ते आमच्या गल्लीत विचारायची गरजच नव्हती. पूर्व भागातली पद्मशाली मंडळी मूळची तिकडचीच. समोरच्या तेलुगू काकू मात्र ताफा बघून परत आल्या त्या कपाळाला हात लावून. ‘आमच्या आज्यानं तिकडं खायला नव्हतं म्हणून इकडं येऊन माग धरला. आता ते इकडं आलेत मत मागायला. काय म्हणावं बे याला!’ डिसेंबरमध्ये तो पक्ष तेलंगणातच हरला.

आमच्या गावचा रस्ता? झाला, अर्धा. ओढ्यापर्यंत. पलीकडचा अर्धा मंजूर आहे म्हणतात. भावानं झेंडा घडी करून माळ्यावर ठेवलाय. टाकून दिलेला नाही.

आणि आजोबा दर महिन्याला नातवाला फोन करून विचारतात, ‘कोर्टात तारीख लागली का?’ महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा टाकला तो २००४ मध्ये. तेव्हा आम्ही दोघं शाळेत होतो. बेळगावकर मोबाइलवर बघतो आणि सांगतो, ‘नाही अजून.’ ते म्हणतात, ‘बरं. जेवलात का?’ मग फोन माझ्याकडे येतो आणि ते माझ्याशी मराठीत बोलतात. अज्जीचे गुडघे कसे आहेत हेही मराठीतच विचारतात.

दर दिवाळीला आम्ही त्यांना पार्सल पाठवतो. शेंगांची चटणी आणि त्यांना आवडणारी नाजूक कडक भाकरी. कुरिअरच्या अ‍ॅपवर ‘राज्य’ हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यादी उघडते, बेळगावकर ‘कर्नाटक’ निवडतो आणि पार्सलवरचं छापील लेबल अशा बाजूला चिकटवायला सांगतो की आजोबांच्या पहिल्या नजरेला ते पडू नये. त्यांचं पार्सल मात्र पोस्टानं येतं. कुंद्याचा डबा, वर कापड शिवलेलं, शाईच्या पेनानं पत्ता घातलेला. पाठवणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव, गल्ली, बेळगाव आणि पिनकोड. बस, राज्य नाही. १९५६ पासून त्यांनी कुठल्याच पत्रावर ते घातलेलं नाही, आणि पिन घातला की पोचतंय की, असं ते म्हणतात. घेणाऱ्याच्या जागी माझं नाव, आमच्या सोसायटीचं नाव, पुणे, आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेलं – महाराष्ट्र.